संगणकाधिष्ठित प्रशिक्षण : पाठरचना व प्रगतिनोंद

संगणकाच्या पडद्यावर अध्ययनार्थ्याशी प्रश्नोत्तररूपाने संवाद साधीत त्यास शिकविणे आणि त्याच वेळी त्याच्या प्रतिसादांची, गुणांची व घालविलेल्या वेळेची नोंद ठेवणे, ही दोन्ही कार्ये एकत्र साधणारी अध्यापनपद्धती. आंतरजालाच्या प्रसारानंतर ती जगभर परिचित झाली. तथापि तिच्या मुळाशी असलेल्या कल्पना संगणकापेक्षाही जुन्या आहेत. या पद्धतीच्या इतिहासात पाठ कसा रचावा हा प्रश्न जितका महत्त्वाचा आहे, तितकाच ‘नोंद कोणासाठी ठेवावयाची ?’ हा प्रश्नही महत्त्वाचा आहे. पहिल्याची चर्चा विपुल झाली. दुसऱ्याकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष उशिरा गेले.

पूर्वेतिहास : अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ सिडनी प्रेसी (१८८८–१९७९) यांनी १९२० नंतरच्या दशकात एक लहानसे यंत्र तयार केले व १९२६ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. यंत्राच्या खिडकीत प्रश्न व त्याची चार पर्यायी उत्तरे दिसत आणि विद्यार्थी चार कळांपैकी एक दाबीत असे. यंत्राचा एक खटका विशेष लक्षणीय होता. तो एका स्थितीत असता कोणतीही कळ दाबली तरी पुढचा प्रश्न येई व यंत्र केवळ बरोबर उत्तरे मोजी. म्हणजे ती परीक्षा होई. खटका दुसऱ्या स्थितीत नेला, की बरोबर कळ दाबली जाईपर्यंत यंत्र पुढे सरकत नसे आणि एकूण प्रयत्नांची संख्या मोजली जाई. म्हणजे ते अध्यापन होई. एकाच यंत्रातील एका खटक्याने परीक्षा आणि अध्यापन यांत केलेला हा भेद पुढील शंभर वर्षांतील बहुतेक वादांचे बीज ठरला. प्रेसी यांच्या यंत्रास व्यापारी यश लाभले नाही. आर्थिक महामंदीत शिक्षकच बेकार असताना शिक्षकाचे श्रम वाचविणाऱ्या यंत्रास मागणी नव्हती आणि १९३२ मध्ये त्यांनी हे काम थांबविले.

बी. एफ्. स्किनर (१९०४–९०) या वर्तनवादी मानसशास्त्रज्ञाने हा विषय पुन्हा हाती घेतला. १९५३ मध्ये आपल्या मुलीच्या गणिताच्या तासाला ते पालक म्हणून उपस्थित होते. सर्व मुलांना एकाच गतीने पुढे न्यावयाचे आणि उत्तर बरोबर की चूक हे त्यांना फार उशिरा कळावयाचे, ही दोन वैगुण्ये त्यांना तेथे जाणवली. १९५४ मध्ये त्यांनी आपले अध्यापनयंत्र लोकांपुढे ठेवले. त्यांच्या पद्धतीत विषयाची अतिशय लहान पायऱ्यांत विभागणी केलेली असे. विद्यार्थी कागदाच्या पट्टीवर उत्तर लिही, दांडा सरकवी. त्याचे उत्तर काचेखाली जाई व शेजारी बरोबर उत्तर उघडे पडे. पर्याय निवडण्याऐवजी उत्तर स्वतः रचावे, असा स्किनर यांचा आग्रह होता. कागदाच्या या पट्ट्या पाठलेखक जपून ठेवी. एखाद्या पायरीवर बरेच विद्यार्थी अडखळले, तर दोष विद्यार्थ्यांचा नसून पायरीचा मानला जाई व ती पायरी पुन्हा लिहिली जाई. म्हणजे नोंद ही प्रथमतः पाठाची परीक्षा होती. क्रमान्वित अध्ययनाचा हा सर्वांत मोलाचा विचार असून पुढील काळात तोच सर्वांत आधी विसरला गेला.

स्किनर यांचा पाठ रेषीय होता, म्हणजे सर्व विद्यार्थी एकाच मार्गाने जात. याच सुमारास अमेरिकेच्या हवाई दलातील तंत्रज्ञांच्या प्रशिक्षणातून नॉर्मन क्राउडर यांनी शाखायुक्त पाठ पुढे आणला. त्यात चुकीच्या प्रत्येक पर्यायामागे वेगळे स्पष्टीकरण असे आणि विद्यार्थी आपल्या चुकीनुसार वेगळ्या पृष्ठावर जाई. आजच्या आंतरक्रियात्मक पाठाची रचना पुष्कळशी क्राउडर यांची आहे. स्किनर यांची नव्हे.

प्लेटो प्रणाली : इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना येथील प्रयोगशाळेत १९६० मध्ये डॅनियल अल्पर्ट यांच्या प्रोत्साहनाने डोनाल्ड बिट्झर (१९३४–२०२४) या तरुण विद्युत् अभियंत्याने संगणकाद्वारे शिकविणारी पहिली व्यापक प्रणाली उभारण्यास प्रारंभ केला. तिचे नाव प्लेटो. पहिला प्रयोग इलियॅक–१ या संगणकावर झाला. या संगणकाची मुख्य स्मृती अवघ्या १,०२४ शब्दांची होती आणि एका वेळी एकच विद्यार्थी शिकू शकत होता. पडदा म्हणून दूरचित्रवाणी संच व उत्तरासाठी थोड्या कळांचा फलक एवढीच सामग्री होती. १९६१ मध्ये एकाच वेळी दोन विद्यार्थ्यांना शिकविण्याचा प्रयोग यशस्वी झाला. पुढे प्लेटो–३ मध्ये मोठ्या संगणकास वीस टर्मिनले जोडली गेली.

संख्या वाढविण्यातील मुख्य अडचण पडद्याची होती. नेहमीच्या दूरचित्रवाणी नळीवरील चित्र सेकंदाला अनेकदा पुन्हा काढावे लागे व ते साठविण्यास महागडी स्मृती लागे. ही अडचण टाळण्यासाठी बिट्झर, जीन स्लॉटो आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९६४ मध्ये आयनद्रायू वायूच्या पेशींचा सपाट पडदा शोधून काढला. त्यातील प्रत्येक पेशी एकदा पेटविली, की विझवीपर्यंत स्वतःच पेटलेली राहते, त्यामुळे वेगळ्या स्मृतीची गरज उरत नाही. कालांतराने घराघरांत गेलेल्या प्लाझ्मा दूरचित्रवाणी संचांचा उगम असा एका शैक्षणिक गरजेत आहे. १९७२ पासून कार्यान्वित झालेल्या प्लेटो–४ च्या टर्मिनलावर ५१२ × ५१२ बिंदूंचा नारिंगी पडदा होता. त्यावर बोट ठेवले असता १६ × १६ चौकटींच्या अवरक्त किरणजाळ्याने त्याचे स्थान ओळखले जाई. पडदा पारदर्शक असल्याने मागून रंगीत चित्रेही टाकता येत.

यंत्रसामग्रीपेक्षाही निर्णायक ठरली ती ट्यूटर ही पाठलेखनाची भाषा. ती १९६७ मध्ये प्राणिशास्त्राचे विद्यार्थी पॉल टेंकझार यांनी तयार केली. संगणकशास्त्र न शिकलेल्या अध्यापकास स्वतःच आपला पाठ लिहिता यावा, हा तिचा हेतू. पडद्यावर अमुक ठिकाणी अमुक मजकूर लिही, येथे बाण दाखवून उत्तराची वाट पाहा, हे उत्तर आल्यास बरोबर मान, ते आल्यास अमुक सूचना दे, अशा छोट्या आज्ञांनी पाठ रचला जाई. उत्तर तपासण्याची तिची क्षमता त्या काळाच्या मानाने असामान्य होती. समानार्थी शब्द चालत, अनावश्यक शब्द दुर्लक्षिले जात, आणि शुद्धलेखनातील चूक वेगळी दाखविली जाई. उत्तर चूक म्हणून ते झिडकारले जात नसे. न ओळखलेली उत्तरे संगणक साठवून ठेवी. अध्यापक ती वाचून आपला पाठ सुधारीत. स्किनर यांच्या कागदी पट्टीची परंपरा येथे जिवंत होती. रसायनशास्त्रातील ऊर्ध्वपातन, फळमाशीच्या संकराची आनुवंशिकी, परिचर्याशास्त्र अशा विषयांवरील पाठांत विद्यार्थी प्रत्यक्ष प्रयोग केल्याप्रमाणे निर्णय घेई व त्यांचे परिणाम पडद्यावर पाही.

बिट्झर यांना शिक्षणाचा खर्च विद्यार्थ्यामागे ताशी सुमारे अर्ध्या डॉलरवर आणावयाचा होता. तो अंदाज प्रत्यक्षात उतरला नाही. टर्मिनले महाग राहिली आणि चांगल्या एका तासाच्या पाठासाठी लेखकाचे शेकडो तास खर्ची पडत. कंट्रोल डेटा कॉर्पोरेशन या संगणक कंपनीने विल्यम नॉरिस (१९११–२००६) यांच्या नेतृत्वाखाली १९७६ मध्ये ही प्रणाली बाजारात आणली आणि तीवर प्रचंड खर्च केला, परंतु शाळा-महाविद्यालयांत तिला अपेक्षित ग्राहक मिळाले नाहीत; ते उद्योगांच्या, विशेषतः विमान कंपन्यांच्या, प्रशिक्षण विभागांत मिळाले.

समकालीन प्रयत्नांपैकी स्टॅनफर्ड विद्यापीठातील पॅट्रिक सप्पीझ (१९२२–२०१४) व रिचर्ड अ‍ॅटकिन्सन यांचे गणित व वाचन यांचे सरावपाठ आणि मायटर कॉर्पोरेशन व ब्रिगहॅम यंग विद्यापीठ यांची टिकिट प्रणाली यांचा निर्देश करावयास हवा. टिकिटमध्ये पुढे कोणता भाग घ्यावयाचा, नियम वाचावयाचा, उदाहरण पाहावयाचे की सराव करावयाचा, हे विद्यार्थी स्वतः ठरवी. एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस या संस्थेने १९७० नंतरच्या दशकात दोन्ही प्रणालींचे मूल्यमापन केले. टिकिटने शिकून अभ्यासक्रम पुरा करणाऱ्यांची संपादणूक सरस आढळली. मात्र पुरा करणाऱ्यांचे प्रमाण नेहमीच्या वर्गांपेक्षा बरेच कमी निघाले. स्वतःच्या गतीने शिकण्याचे स्वातंत्र्य पुष्कळांच्या बाबतीत न शिकण्याचे स्वातंत्र्य ठरते, ही अडचण तेव्हाच नोंदली गेली होती. चाळीस वर्षांनी मुक्त ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या प्रवर्तकांना ती नव्याने सापडली, हे नवल होय.

पाठरचनेची साधने : पाठ कसा योजावा यासंबंधी १९७५ मध्ये फ्लॉरिडा राज्य विद्यापीठाने अमेरिकी सैन्यासाठी एक कार्यपद्धती सिद्ध केली. विश्लेषण, आराखडा, निर्मिती, कार्यवाही आणि नियंत्रण असे तिचे टप्पे होते. अखेरच्या टप्प्याचे नाव पुढे ‘मूल्यमापन’ असे झाले. वैयक्तिक संगणक आल्यावर पाठलेखनासाठी चित्रमय साधने उपलब्ध झाली. कंट्रोल डेटामध्ये प्लेटोवर काम केलेल्या मायकेल अ‍ॅलन यांचे ऑथरवेअर त्यांत अग्रगण्य होते. त्यात आज्ञा लिहिण्याऐवजी प्रवाहरेषेवर चिन्हे मांडून पाठ रचता येई. १९८७ मधील हायपरकार्ड, १९९० मधील टूलबुक आणि १९९६ नंतरचे फ्लॅश ही अन्य प्रमुख साधने. ‘कळफलकास हात न लावता’ पाठ तयार करता येतो, हा त्यांचा लौकिक खरा होता. पण त्यामुळे पाठलेखन अध्यापकाकडून चित्रकार व तंत्रज्ञ यांच्याकडे गेले आणि प्रश्नांपेक्षा हलत्या चित्रांची संख्या वाढली. या साधनांचे आयुष्यही अल्प ठरले. ऑथरवेअरचा विकास २००७ मध्ये थांबला. फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी काढून घेण्यात आला व त्यात बनविलेले असंख्य पाठ एका रात्रीत निरुपयोगी झाले. याउलट ट्यूटरमधील १९७० नंतरच्या दशकातील पाठ साध्या मजकुराच्या रूपात लिहिलेले असल्याने हौशी जतनकर्त्यांनी २००४ पासून अनुकारी संगणकावर पुन्हा चालू केले आहेत.

प्रगतिनोंदीची मानके : पाठ एका कंपनीचा, नोंद ठेवणारी प्रणाली दुसऱ्या कंपनीची, अशी स्थिती प्रथम हवाई वाहतूक उद्योगात निर्माण झाली. प्रत्येक विमाननिर्माता आपले प्रशिक्षणपाठ आपल्या पसंतीच्या संगणकासाठी बनवी. त्यामुळे तीन निर्मात्यांची विमाने बाळगणाऱ्या कंपनीस प्रशिक्षणासाठी तीन प्रकारची यंत्रे घ्यावी लागत. यावर उपाय म्हणून १९८८ मध्ये विमान उद्योगाची एक समिती स्थापन झाली. ती एआयसीसी या आद्याक्षरांनी ओळखली जाते. प्रारंभी यंत्रसामग्रीविषयी शिफारशी करून १९९३ मध्ये तिने पाठ व व्यवस्थापन प्रणाली यांनी परस्परांस कोणती माहिती द्यावी याचे नियम ठरविले. शिकणारा कोण, तो कोठवर आला, पाठाची स्थिती काय, गुण किती व वेळ किती, हा त्या माहितीचा गाभा. वैमानिक व देखभाल-तंत्रज्ञ यांच्या बाबतीत अमुक व्यक्तीने अमुक पाठ पुरा केला, हे कायद्याने सिद्ध करावे लागते, हे ध्यानात घेतले म्हणजे या यादीचे स्वरूप उमगते. ती तपासनिसासाठी केलेली यादी होती.

हीच यादी पुढे सर्व विषयांस लागू झाली. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९९७ मध्ये प्रगत वितरित अध्ययन हा उपक्रम (एडीएल) हाती घेतला. १९९९ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने त्यास बळ मिळाले, आणि जानेवारी २००० मध्ये स्कॉर्म या संदर्भ-प्रतिमानाची पहिली आवृत्ती निघाली. ऑक्टोबर २००१ मधील १.२ ही आवृत्ती सर्वाधिक रूढ झाली. स्कॉर्मनुसार पाठाच्या सर्व फाइली एका संकुचित पुडक्यात बांधतात व त्यात पाठाची अनुक्रमणिका सांगणारी सूची ठेवतात. पुडके कोणत्याही मान्य प्रणालीत चढविता येते. पाठ उघडताच तो प्रणालीस आपण सुरू झाल्याचे कळवितो, मधूनमधून मूल्ये पाठवितो किंवा मागवितो आणि शेवटी संपल्याचे सांगतो. पाठाच्या स्थितीस सहाच नावे आहेत : उत्तीर्ण, पूर्ण, अनुत्तीर्ण, अपूर्ण, चाळलेला व न उघडलेला. अर्धवट सोडलेला पाठ तेथूनच पुढे चालू व्हावा म्हणून पाठास स्वतःची टिपणे ठेवण्यास ४,०९६ अक्षरांची जागा दिलेली आहे. २००४ च्या आवृत्तीत ‘पूर्ण’ व ‘उत्तीर्ण’ या स्थिती वेगळ्या करण्यात आल्या व पाठांचा क्रम ठरविण्याचे विस्तृत नियम आले. ते इतके गुंतागुंतीचे होते, की अनेक संस्थांनी जुनी आवृत्तीच चालू ठेवली.

स्कॉर्ममध्ये विद्यार्थ्याच्या एकेका उत्तराची नोंद करण्याची सोय होती, पण ती ऐच्छिक होती. व्यवहारात बहुसंख्य संस्था ‘पूर्ण’ हा शेरा व एक गुणसंख्या एवढेच जपत. शेवटचे पृष्ठ उघडले की ‘पूर्ण’ असा नियम पाठात घातला असल्यास, मजकूर न वाचता कळ दाबीत गेलेला कर्मचारीही प्रशिक्षित ठरतो. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या चार पातळ्या सांगितल्या होत्या : प्रतिक्रिया, अध्ययन, वर्तन व फलित. स्कॉर्मची नोंद फार तर दुसऱ्या पातळीपर्यंत पोहोचते, तीही पाठातील चाचणी प्रामाणिक असेल तर. पाठ सुधारण्यासाठी ठेवलेली नोंद अशा रीतीने शिकणाऱ्याने आज्ञापालन केल्याचा पुरावा बनली. हा बदल कोणी ठरवून केला नाही. सोयीच्या मानकाबरोबर तो आला.

या मर्यादांमुळे एडीएलने नवीन मानकाचे संशोधन करविले व २०१३ मध्ये एक्सएपीआय १.० प्रसृत झाले. त्यात नोंद वाक्यरूप असते : कर्ता, क्रियापद व कर्म. ‘अमुक परिचारिकेने अमुक सिम्युलेटरवर अमुक क्रिया केली’ अशी विधाने स्वतंत्र भांडारात साठविता येतात. त्यासाठी पाठ आंतरजाल-न्याहाळकातच उघडला पाहिजे असे नाही. एआयसीसी २०१४ च्या अखेरीस विसर्जित झाली आणि तिचे अपुरे राहिलेले काम एडीएलने पुढे नेऊन २०१६ मध्ये सीएमआय–५ या नावाने पुरे केले.

व्यवस्थापन प्रणालींपैकी ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील वेबसीटी, १९९७ मध्ये स्थापन झालेली ब्लॅकबोर्ड व ऑस्ट्रेलियातील मार्टिन डुगियामास यांची मूडल (१.० आवृत्ती, २००२) या विशेष प्रसिद्ध आहेत. मूडल मुक्तस्रोत असल्याने भारतातील महाविद्यालयांत बरीच रुळली. २०११ मध्ये स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मुक्त अभ्यासक्रमास सुमारे १,६०,००० जणांनी नावे नोंदविली. पुरा करणारे सुमारे २३,००० होते. ही संख्या लहान म्हणावी की मोठी, हे नाव नोंदविण्याचा अर्थ आपण काय घेतो यावर अवलंबून आहे.

भारत व महाराष्ट्र : भारतात शालेय संगणक-साक्षरतेचा क्लास प्रकल्प १९८४ मध्ये सुरू झाला, तरी पाठरचना व नोंद यांचा व्यापक प्रयोग २००० नंतरचाच. त्यात महाराष्ट्राचा वाटा दोन परस्परविरुद्ध प्रकारचा आहे. एकीकडे मुंबई व पुणे येथे परदेशी कंपन्यांसाठी प्रशिक्षणपाठ बनविण्याचा व्यवसाय वाढला. १९९० मध्ये मुंबईत सुरू झालेली व २०१८ मध्ये विकली गेलेली टाटा इंटरॅक्टिव्ह सिस्टिम्स ही त्यांतील ठळक कंपनी. दुसरीकडे २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने एमएस–सीआयटी हा संगणक-साक्षरतेचा अभ्यासक्रम गावोगावच्या केंद्रांतून मराठीतही चालविला. तेथे पाठ संगणकावर असला तरी शेजारी शिक्षक असतो. या पद्धतीच्या यशात पाठाइतकाच त्या शिक्षकाचा वाटा आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

मराठी पाठांची एक अडचण सहसा चर्चिली जात नाही. विद्यार्थ्याने टंकलिखित केलेले उत्तर संगणक अक्षरसंकेतांशी ताडून पाहतो. युनिकोडमध्ये ‘दुसऱ्या’ या शब्दातील अर्धा ‘र’ दोन वेगळ्या संकेतक्रमांनी लिहिता येतो. डोळ्यांस दोन्ही रूपे सारखीच दिसतात. यंत्रास मात्र ते दोन शब्द वाटतात. त्यात ऱ्हस्व-दीर्घाची व अनुस्वाराची भर पडली, की बरोबर उत्तरही चूक ठरते. प्लेटोने इंग्रजीसाठी जी काळजी घेतली, तशी मराठीसाठी घेतली जात नाही तोवर पाठलेखक पर्यायी उत्तरांच्या प्रश्नांकडेच वळतो. म्हणजेच स्किनरकडून प्रेसीकडे परततो.

राष्ट्रीय पातळीवर भारतीय तंत्रज्ञान संस्था व भारतीय विज्ञान संस्था यांच्या एनपीटीईएल प्रकल्पास २००३ मध्ये शासकीय अर्थसाहाय्य मिळाले व २०१४ पासून त्यात प्रमाणपत्रे देण्यात येऊ लागली. स्वयं हे व्यासपीठ ९ जुलै २०१७ रोजी सुरू झाले. त्यावरील अभ्यासक्रमांचे श्रेयांक विद्यापीठांनी किती स्वीकारावे याची मर्यादा विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये २० टक्के व २०२१ मध्ये ४० टक्के ठेवली. एनपीटीईएलच्या प्रमाणपत्रासाठी स्वाध्यायांस एक चतुर्थांश, तर केंद्रावर जाऊन द्यावयाच्या परीक्षेस तीन चतुर्थांश भार आहे. पडद्यावरील नोंदीवर संस्थांचा अद्याप किती विश्वास आहे, याचे हे बोलके माप होय.

शालेय शिक्षणासाठी दीक्षा हे व्यासपीठ ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झाले आणि बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांवरील क्यूआर कोड त्याच्याशी जोडण्यात आले. २०२० पासून निष्ठा या उपक्रमाचे शिक्षक-प्रशिक्षणही त्यावरून ऑनलाइन देण्यात आले. शिक्षकांच्या बाबतीत ‘पूर्ण’ हा शेरा सेवाविषयक नोंदीस लागतो. मुलांच्या बाबतीत प्रश्न निराळा आहे. मुलाने कोणता पाठ किती वेळ पाहिला, कोठे चुकला, कोठे थांबला, या तपशिलातून त्याचे चित्र उभे राहते व ते वर्षानुवर्षे टिकू शकते. २०२३ च्या अंकीय व्यक्तिगत माहिती संरक्षण अधिनियमाच्या ९ व्या कलमात अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक ठरविली असून त्यांच्या वर्तनाचा मागोवा घेण्यास मनाई केली आहे. २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांनी शिक्षणसंस्थांना शैक्षणिक कार्यापुरती व मुलांच्या सुरक्षिततेपुरती यातून सूट दिली. शैक्षणिक कार्य कोठे संपते हे ठरविणे संस्थांवर व न्यायनिर्णयांवर अवलंबून राहील.